नदीत टाकू नका: किरणोत्सर्गाच्या आपत्तीतला पहिला तास

२९ सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात आरोग्य खात्याच्या एका कचेरीच्या अंगणात, भिंतीकडेला, एका खुर्चीवर एक पिशवी ठेवलेली होती. आदल्या दिवशी एका बाईनं भंगारच्या दुकानातल्या कामगाराला सोबत घेऊन ती चक्क बसमधून आणली होती. तिच्या घरातली माणसं एकामागून एक आजारी पडत होती आणि या वस्तूमुळेच सगळं होतंय असं तिला वाटत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मात्र आधी हा उष्ण प्रदेशातला एखादा आजार वाटला.

एका डॉक्टरला शंका आली. त्यानं ओळखीच्या भौतिकशास्त्रज्ञाला बोलावलं. या माणसानं एका सरकारी कचेरीतून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र उसनं घेतलं. कचेरीपासून बराच लांब असताना ते चालू केलं, तर काटा एकदम शेवटाला जाऊन भिडला. कुठल्याही दिशेला फिरवलं तरी तेच. यंत्र बिघडलं असं समजून तो मागे गेला आणि दुसरं घेऊन आला. त्याचाही काटा शेवटाला! तेव्हा त्याच्या लक्षात आलं की यंत्रं दोन्ही ठीक आहेत.

तो पोहोचला तेव्हा अग्निशमन दलाचे जवान आलेले होते. ती पिशवी उचलून नदीत फेकून द्यायची, असं त्यांचं ठरत होतं. त्यानं त्यांना ऐन वेळी थांबवलं.

गेली अनेक वर्षं मी नाशिकमध्ये रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात सुरक्षेचं काम पाहते, आणि नर्सेस, वॉर्डबॉय, पोलीस, अग्निशमनचे लोक अशा सगळ्यांना या विषयाचे पाठ देते. प्रत्येक वर्गाची सुरुवात मी याच प्रसंगापासून करते. ते जवान मूर्ख नव्हते. धोक्याची वस्तू माणसांपासून लांब न्यायची आणि पाण्यात विझवायची, हेच त्यांना शिकवलेलं होतं. आगीच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर. इथे मात्र त्या एका फेकीनं अख्खी नदी आणि तिच्या काठचं शहर त्यात ओढलं गेलं असतं. गोदाकाठी राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्या पिशवीत होते बंद पडलेल्या कॅन्सर उपचार केंद्रातून भंगार म्हणून उचललेल्या मशीनचे अवशेष. आत किरणोत्सारी सीझियम-१३७ ची पूड होती, शंभर ग्रॅमही नाही. अंधारात ती निळसर चमकायची, म्हणून लोकांनी ती नात्यागोत्यात वाटली, कुणी अंगाला लावली. चार माणसं गेली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ती पूड सापडली. आणि आपल्याला काही झालंय का, हे तपासून घ्यायला एक लाख बारा हजारांहून अधिक माणसं आली. त्यांच्यासाठी शहरातलं स्टेडियम उघडावं लागलं.

आता कुणी म्हणेल, नाशिकचा आणि याचा काय संबंध? अणुवीज केंद्र म्हटलं की तारापूर आठवतं. १९६९ पासून चालू असलेलं, पालघर जिल्ह्यातलं, आपल्यापासून हवाई अंतरानं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. अशा केंद्राभोवती साधारण १६ किलोमीटरचा टापू आपत्ती नियोजनासाठी आखलेला असतो. नाशिक त्याच्या कितीतरी बाहेर. पण किरणोत्सारी स्रोत फक्त अणुभट्टीत नसतात. कॅन्सरच्या उपचारात शरीराच्या आतून किरण देण्यासाठी इरिडियम किंवा कोबाल्टचा बारीकसा स्रोत वापरतात. कारखान्यांत वेल्डिंग आणि ओतीव भागांतल्या भेगा शोधायला इरिडियम-१९२ भरलेला रेडिओग्राफीचा ‘कॅमेरा’ लागतो. या इरिडियमचा जोर साधारण ७४ दिवसांत निम्म्यावर येतो, त्यामुळे तो पुन्हापुन्हा बदलावा लागतो. म्हणजेच ही पेटी रस्त्यानं ये-जा करत राहते. आणि लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं ‘कृषक’ हे शेतमालाला किरण देण्याचं केंद्र आहे, २००२ पासूनचं. तिथे कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबवतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूसवर तिथेच प्रक्रिया झाली होती. (तो कांदा किंवा आंबा खाऊन अंगात किरणं जात नाहीत. उन्हात वाळवलेला पापड रात्री ऊन देत नाही, तसंच.)

या सगळ्या जागांवर जाड कवच असतं, कुलपं असतात, परवाने असतात. गडबड होते ती स्रोत या साखळीतून निसटला की. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली तेच घडलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून पडून असलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं, ते फोडलं गेलं, आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्टचा तुकडा एका माणसाच्या पाकिटात होता.

म्हणून प्रशिक्षणाची गरज फक्त शास्त्रज्ञांना आहे हा समज आधी काढावा लागतो. शास्त्रज्ञ पोहोचतात काही तासांनी. त्याआधी पोहोचतो तो बीटवरचा हवालदार, बंबावरचा फायरमन, १०८ ची गाडी चालवणारा, आणि रात्रपाळीची नर्स.

त्यांना मी पहिली गोष्ट शिकवते ती ऊन आणि रहाड यांतला फरक. नाशिककराला रहाड म्हणजे काय ते सांगायला नको. रंगपंचमीला जुन्या गावात रंगाचे ते हौद उघडतात, त्यात उडी मारली की रंग अंगाला चिकटतो, आणि मग घरी आल्यावर दाराच्या कडीला, पाण्याच्या तांब्याला, सोफ्याला लागत जातो. दोन दिवस निघत नाही. ऊन तसं नसतं. उन्हात उभं राहिलात, भाजलात, सावलीत आलात. तुम्ही दुसऱ्याला ऊन लावू शकत नाही.

किरणांचा मारा झालेला माणूस म्हणजे उन्हातून आलेला माणूस. त्याला स्वतःला इजा झालेली असेल, कदाचित गंभीर, पण त्याच्यापासून दुसऱ्याला काहीही धोका नाही. त्याला हात लावा, उचला, जवळ बसा. किरणोत्सारी धूळ अंगावर घेऊन आलेला माणूस म्हणजे रहाडीतून आलेला माणूस. त्याच्या कपड्यांवरची धूळ तुमच्या हाताला, हातावरून तोंडात, तोंडातून पोटात जाऊ शकते. इथे काळजी घ्यायची, पण काळजी म्हणजे पळून जाणं नव्हे. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की निम्मी भीती कमी होते, आणि उरलेली निम्मी कामाला लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. छोट्या स्रोतापासून तुम्ही एक मीटरवर असताना १०० एकक मारा होत असेल, तर दोन मीटरवर तो २५ होतो आणि दहा मीटरवर एक. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई. त्यामुळे पोलिसाला जड शिशाचा अंगरखा लागत नाही, त्याला मागे सरकायची बुद्धी लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं पहिल्यांदा पोहोचणाऱ्यांसाठी सोपे आकडे ठरवून दिले आहेत. उघडा पडलेला किंवा फुटलेला स्रोत दिसला तर चहूबाजूंनी ३० मीटर, म्हणजे दीड क्रिकेट खेळपट्टी. मोठी सांडलवंड असेल तर १००. आग, धूर किंवा स्फोट असेल तर ३००. हातात कुठलंही यंत्र नसताना एवढं करता येतं. नंतर यंत्र आलं की तासाला १०० मायक्रोसिव्हर्टची रेषा शोधून दोरी तिथे नेऊन बांधायची. (सिव्हर्ट म्हणजे शरीराला झालेला मारा मोजायचं एकक; हजार मायक्रोसिव्हर्टचा एक मिलिसिव्हर्ट.)

आणि यंत्राबद्दल एक. काटा शेवटाला गेला तर ‘बिघडलं’ म्हणायचं नाही. आधी मागे फिरायचं, मग विचार करायचा. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात १९८६ मध्ये अपघाताच्या रात्री हाताशी असलेली कित्येक यंत्रं एका मर्यादेपुढे मोजूच शकत नव्हती, आणि त्यांनी दाखवलेला शेवटचा आकडा काहींनी खरा धरला. तिथे १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्गाचा आजार झाला, पहिल्या काही महिन्यांत त्यातले २८ दगावले. अग्निशमनचे जवान त्यात होते.

जीव वाचवायला आत जायचं असेल तर? जावं लागतं, आणि तेही शिकवलं जातं. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. माझ्यासारख्या किरणांत काम करणाऱ्यांना आपल्या देशात पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० ची मर्यादा आहे. माझ्या छातीवर लावलेला बिल्ला दर तीन महिन्यांनी त्यासाठीच तपासायला जातो. कुणाचा जीव वाचवण्यासाठी, सगळं समजावून सांगितल्यावर आणि स्वतःहून तयार असणाऱ्याला, ५०० पर्यंत जाऊ देता येतं. १००० च्या पुढे उलट्या आणि आजार सुरू होण्याची शक्यता असते. म्हणजे आत जाणाऱ्याच्या खिशात डोस मोजणारं यंत्र हवं आणि बाहेर घड्याळ घेऊन उभा राहणारा कुणीतरी हवा. ‘आता बाहेर ये’ असं त्यानं म्हटलं की वाद न घालता बाहेर यायचं. हे वाद न घालणंच सरावानं येतं, वाचून येत नाही.

आता रुग्णालयाकडे वळते. खरी परीक्षा तिथे असते आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच देते.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात, नाव घेत नाही, आम्ही सराव ठेवला होता. मांडीतून रक्त वाहतंय असं दाखवलेला एक मुलगा स्ट्रेचरवर होता. त्याच्या अंगावर आम्ही अतिनील टॉर्चखालीच चमकणारी पूड लावली होती. किरणोत्सारी धुळीच्या जागी सरावात ती वापरतात. गाडीतून उतरवताना मदतनीस ओरडला, “रेडिएशनचा पेशंट आहे!” आणि कॅज्युअल्टीचं दार बंद झालं. आतली सिस्टर हाडाची परिचारिका, वीस वर्षांची नोकरी, अपघाताचे किती पेशंट तिनं हाताळले असतील याची गणती नाही. ती काचेपलीकडे उभी राहून विचारत होती, “आधी यंत्र लावलं का? किती आहे त्याला?” मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं गेली. मांडीची मोठी रक्तवाहिनी खरोखर फाटलेली असती तर तेवढ्या वेळात मुलगा राहिला नसता.

तिला कुणी रागावलं नाही. चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही तिला किरणांबद्दल शिकवलं होतं, पण क्रम शिकवला नव्हता.

क्रम असा. श्वास, रक्तस्राव, जीव आधी. धूळ नंतर. किरणोत्सारी धुळीनं कुणी दहा मिनिटांत मरत नाही, रक्त गेल्यानं मरतो. नर्सनं नेहमीचाच गाऊन, मास्क, टोपी, बुटांवर आवरणं घालायची, हातमोज्यांच्या दोन जोड्या, वरची जोडी वारंवार बदलायची. करोनात हे सगळं आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलंय, तो अनुभव इथे चांगला उपयोगी येतो. पेशंट स्थिर झाला की कपडे कापायचे. डोक्याकडून पायाकडे, आणि कापड बाहेरच्या बाजूला गुंडाळत जायचं, म्हणजे धूळ आतच राहते. झटकायचं नाही. दुहेरी पिशवीत भरून नाव, वेळ लिहायची. नुसते कपडे काढले की अंगावरची ऐंशी-नव्वद टक्के धूळ निघून जाते! हा आकडा ऐकला की वर्गात खांदे सैल पडताना दिसतात. एवढ्या मोठ्या संकटावर पहिला उपाय म्हणजे कात्री.

मग जखमा, मग नाक-तोंड, मग बाकीची त्वचा. कोमट पाणी आणि साबण. गरम पाण्यानं त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, घासल्यानं ओरखडे येतात, आणि धुळीला आत जायला वाट मिळते. यंत्राची नळी प्लास्टिकच्या पातळ आवरणात गुंडाळून अंगापासून बोटभर अंतरावरून, अगदी हळू फिरवायची. नवी मुलं ती इस्त्रीसारखी भराभर फिरवतात, आणि मग काही सापडत नाही.

डॉक्टरांसाठी वेगळा धडा असतो, कारण हा आजार फसवतो. मारा झाल्यावर उलट्या होतात, मग पेशंटला बरं वाटतं, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो एकदम ढासळतो. त्यामुळे उलटी झाली का यापेक्षा ‘कधी’ झाली हे विचारायला शिकवतात. तास-दोन तासांच्या आत झाली असेल तर मारा मोठा आहे. दुसरी खूण रक्तात. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, काही तासांच्या अंतरानं पुन्हापुन्हा करायची आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कशा उतरतायत ते कागदावर मांडायचं. दोन दिवसांतली ती उतरण पाहून माऱ्याचा अंदाज येतो. नेमका आकडा हवा असेल तर रक्तपेशींतली गुणसूत्रं तपासतात, पण ते खास प्रयोगशाळेचं काम. सीबीसी मात्र नाशिकच्या गल्लीगल्लीत होते. तालुक्याच्या डॉक्टरसमोर हातावर न भरणारा भाजल्यासारखा व्रण घेऊन भंगारवाला आला, आणि ‘गरम काही लागलंच नाही’ म्हणाला, तर त्या डॉक्टरनं एक प्रश्न जास्तीचा विचारावा, म्हणून हा सगळा खटाटोप: कुठला जड, चकचकीत धातूचा तुकडा हाताळलास का?

गोळ्यांबद्दल फार गैरसमज आहेत. पोटॅशियम आयोडाइडची गोळी ‘रेडिएशनची गोळी’ नाही. ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइडला वाचवते, आणि तीही आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तर. भट्टीच्या अपघातात तिचा उपयोग आहे. गोयानियासारख्या सीझियमच्या प्रसंगात शून्य. तिथे प्रशियन ब्लू नावाचं औषध दिलं, ते आतड्यात सीझियमला धरून शौचावाटे बाहेर काढतं.

हे सगळं शिकवतं कोण? अमेरिकेत ओक रिज इथलं एक केंद्र १९७६ पासून डॉक्टर-नर्सना फक्त याच विषयाचं शिक्षण देतं. आपल्याकडे महाराष्ट्र या बाबतीत चांगला सुदैवी आहे. भाभा केंद्र मुंबईत. नागपूरला नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झालं. पुण्यात लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक संरक्षणाचा विभाग, आणि पुण्याजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन, जिला या कामाचं खास शिक्षण आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं २००९ सालची. अणुवीज केंद्रांत तर सरावाचं वेळापत्रकच असतं: केंद्राच्या आतला सराव दर तीन महिन्यांनी, पूर्ण परिसराचा वर्षाला, आणि आसपासची गावं धरून दोन वर्षांतून एकदा. त्या शेवटच्या सरावाची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतात. माझ्या मते उणीव आहे ती याच्या खालच्या पायरीवर. जिथे भट्टी नाही त्या शहरांतल्या कॅज्युअल्टीत आणि पोलीस ठाण्यात हा सराव क्वचित होतो, आणि एकदा शिकलेली माणसं बदलून जातात. वर्षातून एक दिवस पुरेसा आहे, पण तो दरवर्षी हवा.

आणि गर्दी. गोयानियात तपासणीला आलेल्या पहिल्या साठ हजारांपैकी सुमारे पाच हजारांना अंगावर पुरळ, उलट्या, जुलाब अशी लक्षणं होती. धुळीचा कण नसताना, निव्वळ भीतीनं. ढोंग नव्हे, खरीखुरी पुरळ. तिथल्या शेतमालाला बाहेर गिऱ्हाईक मिळेना. द्राक्षाच्या हंगामात अशी एक अफवा आपल्याकडे उठली तर काय होईल, याचा विचार दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्यानं क्षणभर करावा. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात २०११ मध्ये अपघात झाला तेव्हा जवळच्या एका रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले वृद्ध घाईघाईनं बसमध्ये घालून तासन् तास फिरवले गेले, आणि त्यातले कित्येक प्रवासात आणि त्यानंतर दगावले. किरणांनी नाही, हलवण्यानं. २००३ च्या कुंभातली चेंगराचेंगरी ज्या शहरानं पाहिली, त्याला घाबरलेली गर्दी म्हणजे काय हे माहीत आहे, आणि सिंहस्थ पुन्हा आलाच आहे. त्यामुळे पोलिसांच्या वर्गात मी भोंग्यावरून काय बोलायचं याचाही सराव घेते. ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही, त्यानं माणूस जास्त घाबरतो. करायला काहीतरी द्यायचं: घरात जा, दारं-खिडक्या लावा, वरचे कपडे काढून पिशवीत बांधा, अंघोळ करा, पुढची सूचना अमुक वाजता. आणि ती सूचना त्या वेळेला द्यायचीच, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी.

त्याच रुग्णालयात पुढच्या वर्षी पुन्हा सराव झाला. तीच सिस्टर होती. गाडी थांबली, कुणीतरी पुन्हा ‘रेडिएशन’ म्हणून ओरडलं. ती हातमोजे चढवतच बाहेर आली, मुलाच्या मांडीवर दोन्ही हातांनी दाब धरला आणि मागे न बघता म्हणाली, “पट्टी दे, आणि कात्री काढून ठेव.” चाळीस सेकंद. नंतर दिवे मालवून मी सगळ्यांवर अतिनील टॉर्च फिरवला. तिच्या वरच्या हातमोज्यांवर पूड होती, आतली जोडी स्वच्छ, मनगट स्वच्छ, चेहरा स्वच्छ. शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरच्या कानाशी आणि गालावर मात्र हिरवट ठिपके चमकले. त्यानं खिशातून मोबाईल काढून टॉर्चखाली धरला. काचेवर त्याचा अंगठा पूर्ण उमटला होता.